पुढच्या चाकाचे सुकाणू : कच्च्या वाटेवरच्या मोटारसायकलीचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील केळव्याचा किनारा, त्यामागचे सुरूचे बन, वाड्या व पानमळे यांमधून जाणारे अरुंद रस्ते, तारापूरच्या दिशेने पसरलेली खाजणे आणि पूर्वेस मनोर व विक्रमगड ओलांडल्यावर जव्हारकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख हा सारा टापू दुचाकीच्या दृष्टीने पाहिला, तर एका दिवसाच्या प्रवासात वाळू, गाळ, मुरूम, खडी आणि डांबर अशा पाच तऱ्हांच्या जमिनी चाकाखालून जातात. पावसाळ्यात यांपैकी प्रत्येक जमिनीचा स्वभाव पुन्हा बदलतो. अशा ठिकाणी इंजिनाची ताकद किती, हा प्रश्न नंतरचा असतो. गाडी हातात राहते की नाही, हा पहिला. मोटारसायकलीच्या इतिहासात इंजिनाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु खडबडीत वाटेवर गाडी हातात कशी राहू लागली, याचा इतिहास तितकाच मोठा असून तो तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

या इतिहासासाठी किनाऱ्यावरच्या भाषेत एक चपखल शब्द आहे, तो म्हणजे सुकाणू. होडीचे सुकाणू मागे असते आणि पाण्याच्या विरोधावर चालते. मोटारसायकलीचे सुकाणू पुढे असते आणि जमिनीच्या पकडीवर चालते. पाणी होडीच्या तळाला सहसा सोडत नाही, पण खडबडीत जमीन चाकाला क्षणोक्षणी वर फेकते, आणि चाक हवेत असते तेवढा वेळ हँडल कितीही वळवले तरी गाडी वळत नाही. म्हणून चाकाला जमिनीशी बांधून ठेवण्याचा प्रयत्न आणि सुकाणू सुधारण्याचा प्रयत्न हे मुळात एकच काम होते. ही गोष्ट कारखानदारांच्या आणि स्वारांच्या पुरती लक्षात येण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली.

कल आणि ट्रेल

दुचाकीचे सुकाणू दोन मापांवर उभे असते. चौकटीच्या पुढच्या टोकाला जी नळी असते, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो, ती सरळ उभी नसून मागे झुकलेली असते. या झुकावाला रेक किंवा कल म्हणतात. या नळीची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधील अंतराला ट्रेल म्हणतात. टेकण्याचा बिंदू नेहमी मागे ओढला जात असल्यामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहते, आणि हँडलवरचा हात किंचित सैल सुटला तरी गाडी रेषा सोडत नाही, त्याचे हे एक मुख्य कारण आहे. जे. के. स्टार्ली यांच्या १८८५ च्या रोव्हर सायकलीनंतर दुचाकीची जी मांडणी रूढ झाली, तिच्यात हे तत्त्व होते आणि मोटारसायकलीने ते तसेच उचलले.

ही मापे किती नाजूक असतात, ते एका हिशेबाने स्पष्ट होते. चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, कल २७ अंश आणि फोर्कचे पाय हँडलच्या दांड्यापासून ६० मिलिमीटर पुढे असतील, तर ट्रेल सुमारे ९६ मिलिमीटर येतो. १,३३० मिलिमीटर चाकांतर असलेल्या त्याच गाडीचा मागचा भाग लांब शॉकअप बसवून केवळ २० मिलिमीटर उचलला, तर कल सुमारे १ अंशाने कमी होतो आणि ट्रेल ९० मिलिमीटरांवर येतो. गाडी वळायला हलकी होते, पण सरळ वाटेवर अधिक चंचल होते. उलट फोर्कचे पाय ६० ऐवजी ५० मिलिमीटर पुढे ठेवले, तर ट्रेल १०७ मिलिमीटरांपर्यंत वाढतो आणि गाडी स्थिर, पण वळायला जड होते. जुन्या गाडीत बोटभर जाडीचा बदलही हातांना का जाणवतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

वाळूत तर हा सारा हिशेबच बिघडतो. केळव्याच्या किनाऱ्यासारख्या सुक्या, मऊ वाळूत पुढचे चाक रुतते आणि त्याच्यापुढे वाळूचा लहानसा बांध तयार होतो, त्यामुळे चाकाला होणारा विरोध टेकण्याच्या बिंदूवर न राहता त्याच्या पुढे सरकतो. ट्रेल जणू कमी होतो किंवा उलटाच होतो, चाक स्वतःहून सरळ होण्याऐवजी आडवे पडू पाहते आणि हँडल एकदम जड होऊन हातातून निसटते. अनुभवी स्वार अशा वेळी वजन मागे नेतो आणि वेग तुटू देत नाही, कारण पुढचे चाक जितके हलके राहील तितका हा बांध लहान राहतो. भरतीने ओली व घट्ट झालेल्या वाळूत मात्र तीच गाडी रस्त्यावर चालावी तशी चालते.

गर्डर फोर्क आणि युद्ध

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत बहुतेक मोटारसायकलींना गर्डर फोर्क असे. यात चाक धरणारी संपूर्ण चौकट चार लहान कड्यांवर वरखाली हलत असे, मध्ये एक स्प्रिंग असे आणि तिची उसळी आवरण्यासाठी कड्यांच्या सांध्यात घर्षणाच्या चकत्या घातलेल्या असत. या चकत्या स्वार आपल्या हाताने कमीजास्त आवळी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांनी वापरलेल्या बीएसए एम२० आणि नॉर्टन १६एच या गाड्यांचा मूळ आराखडा असाच होता. एकट्या एम२० च्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या बनल्या. मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेले असे आणि स्वाराला आधार फक्त सीटखालच्या स्प्रिंगांचा असे.

गर्डर फोर्क मजबूत होता, आडव्या दिशेने तो फारसा वाकत नसे, पण त्याचे मूळ दुखणे घर्षणात होते. घर्षणाचा स्वभाव असा, की हालचाल सुरू होण्याआधी ते सर्वाधिक असते आणि हालचाल सुरू झाल्यावर घटते. म्हणजे लहान खड्ड्यांच्या वेळी फोर्क हलतच नसे, आणि मोठा धक्का बसला की जेव्हा आवर हवा नेमका तेव्हाच तो सैल पडे. चाक जमिनीवरून उसळे, परत आदळे, आणि ते आदळणे हँडलमधून मनगटात उतरे.

या दुखण्यावरचा उपाय तेलात सापडला. बीएमडब्ल्यूच्या आर१२ या १९३५ च्या गाडीला तेलाने आवरलेला टेलिस्कोपिक फोर्क होता, म्हणजे एका नळीत दुसरी नळी सरकते, आत स्प्रिंग असते आणि सरकताना तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. तेलाचा विरोध घर्षणाच्या नेमका उलट वागतो. हालचाल मंद असेल तर तो नगण्य असतो आणि हालचाल जितकी वेगवान तितका तो वाढतो. लहान खड्ड्यांना चाक मोकळेपणाने उतरते, आणि मोठ्या धक्क्याला आवर बसतो. ब्रिटनमध्ये मॅचलेस कंपनीने १९४१ मध्ये जी३/एल या लष्करी गाडीवर असा फोर्क आणला, आणि ही गाडी निरोप पोहोचवणाऱ्या स्वारांच्या विशेष पसंतीची ठरली. युद्ध संपल्यानंतर थोड्याच वर्षांत गर्डर फोर्क मागे पडला.

बुलेटचा चिमटा

पुढच्या चाकाचा प्रश्न असा मार्गी लागत असताना मागचे चाक मात्र जखडलेलेच होते, आणि ते तसेच असावे असा जाणत्या स्वारांचा आग्रह होता. डोंगराळ, दगडाळ वाटेवर पाय न टेकता गाडी नेण्याच्या ज्या स्पर्धा ब्रिटनमध्ये होत, ज्यांना ट्रायल म्हणतात, त्यांतील स्वारांची समजूत अशी होती, की मागचे चाक स्प्रिंगवर ठेवले तर त्याची पकड सुटेल. रॉयल एनफिल्डने फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर ट्रायलमध्ये नव्या ३५० सीसी बुलेटचे जे नमुने उतरवले, त्यांचे मागचे चाक एका हलत्या बाहूवर आणि दोन तेलाच्या शॉकअपवर बसवलेले होते. या बाहूला आपल्याकडील गॅरेजांत चिमटा म्हणतात, आणि त्याच्या आकाराला हा शब्द अगदी शोभतो. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये व्हिक ब्रिटन आणि चार्ली रॉजर्स या दोघांनी बुलेटवर सुवर्णपदके मिळवली. पुढे व्हिक यांचा मुलगा जॉनी ब्रिटन याने १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एनफिल्डवरच जिंकली. मागचे चाक हलते ठेवले म्हणजे पकड सुटते ही समजूत या दशकात मोडीत निघाली. खरे तर ते जमिनीच्या चढउताराबरोबर हलते म्हणूनच पकड टिकते.

भारतीय वाचकाला या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी हीच ३५० सीसी बुलेट निवडली, १९५५ मध्ये मद्रासेत एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि पुढच्या दशकात गाडीचे सर्व भाग देशात बनू लागले. इंग्लंडमधील मूळ कारखाने बंद पडल्यानंतरही भारतात ती बनतच राहिली. महाराष्ट्रातील गावोगावी पोलीस ठाण्यांपासून बागायतदारांपर्यंत जी बुलेट ओळखीची झाली, तिची चौकट अशी थेट ट्रायलच्या दगडधोंड्यांतून आलेली होती.

राजदूत आणि जावा

१९६० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणखी दोन गाड्या आल्या, आणि त्यांनी सुकाणूच्या दोन वेगळ्या परंपरा सोबत आणल्या. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ही पोलंडमधील एसएचएल एम११ या गाडीवर बेतलेली होती, आणि त्या पोलिश गाडीला टेलिस्कोपिक फोर्क नसून पुढे झेपावणाऱ्या बाहूंचा फोर्क होता. यात चाकाचा आस दोन आखूड बाहूंच्या पुढच्या टोकांना असतो, बाहू मागच्या टोकाशी बिजागरीसारखे फिरतात आणि प्रत्येकाला स्वतःचा शॉकअप असतो. असा फोर्क आडव्या दिशेने ताठ असतो आणि ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक खाली बुडत नाही. मात्र बाहूंचे वजन हँडलच्या दांड्यापासून दूर पडल्यामुळे हँडल फिरवताना जडपणा येतो. इंग्लंडमध्ये बर्ट ग्रीव्ह्ज यांनी याच तत्त्वाचा फोर्क रबरी बुशांवर बसवला आणि डेव्ह बिकर्स याने ग्रीव्ह्ज गाडीवर १९६० व १९६१ ची मोटोक्रॉसची, म्हणजे कच्च्या मैदानावरील शर्यतींची, युरोपीय २५० सीसी विजेतेपदे मिळवली. दुधाचे कॅन लादून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या राजदूतच्या जुन्या रूपात जगाच्या शर्यतीतला एक विचार दडलेला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

दुसरी गाडी जावा. मुंबईचे इराणी उद्योजक रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने आयडियल जावा कंपनी उभी राहिली आणि १९६१ मध्ये म्हैसूरच्या कारखान्यातून २५० सीसी जावा बाहेर पडू लागली. पुढे तिचेच नाव येझदी झाले आणि १९९६ पर्यंत तो कारखाना चालला. या गाडीला पुढे टेलिस्कोपिक फोर्क आणि मागे चिमटा होता. जावाची चेकोस्लोव्हाकियातील जुळी बहीण म्हणजे सीझेड, आणि १९६० च्या दशकात मोटोक्रॉसचे मैदान सीझेडने गाजवले. जोएल रॉबेर याने १९६४, १९६८ व १९६९ मध्ये, व्हिक्टर अर्बेकोव्ह याने १९६५ मध्ये २५० सीसी गटाचे, तर पॉल फ्रीडरिक्स याने १९६६ पासून सलग तीन वर्षे ५०० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद सीझेडवर मिळवले.

चौकट, हालचाल आणि मोनोशॉक

या काळात आणखी एक धडा मिळाला, तो चौकटीचा. बेलफास्टच्या रेक्स आणि क्रोमी मॅककँडलेस या बंधूंनी नॉर्टनसाठी आखलेल्या १९५० च्या फेदरबेड चौकटीने दाखवून दिले, की हँडलची नळी आणि चिमट्याची बिजागरी यांच्यामधला सांगाडा पिळला जात नसेल, तरच फोर्कची बारकाईने ठरवलेली मापे प्रत्यक्ष वाटेवर टिकतात. इंग्लंडमधील डेरेक आणि डॉन रिकमन या बंधूंनी हाच विचार कच्च्या वाटेवर नेला आणि आपल्या मेटिस चौकटींत तो उतरवला. इंजिन दुसऱ्याचे, पण चौकट आपली, असा तो व्यवहार होता. इटलीच्या चेरियानी फोर्कने आतल्या नळ्यांचा आणि तेलाच्या आवराचा दर्जा उंचावला.

तरीही १९६० च्या दशकाअखेरपर्यंत मोटोक्रॉस गाडीच्या पुढच्या चाकाला सुमारे ७ इंच आणि मागच्या चाकाला सुमारे ४ इंच एवढीच हालचाल मिळे. मागच्या चाकाला पुढच्याच्या जवळपास निम्मी हालचाल असल्यामुळे मोठ्या खड्ड्यात मागचा भाग आदळून उसळे, वजन पुढे ढकलले जाई आणि पुढच्या फोर्कवर एकदम ताण येई. स्वाराला सुकाणूचा दोष वाटे तो पुष्कळदा मागच्या शॉकअपचा असे. बेल्जियमचे ल्यूसियाँ टिल्केन्स यांनी त्रिकोणी चिमटा आणि सीटखाली आडवा ठेवलेला एकच लांब शॉकअप अशी रचना केली, यामाहाने ती घेतली आणि हाकान अँडरसन याने १९७३ मध्ये तिच्यावर २५० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. मोनोशॉक हे नाव येथून रूढ झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत हालचाल १२ इंचांपर्यंत पोहोचली. लांब फोर्क वाकू नये म्हणून नळ्या जाड झाल्या, आणि ब्रेक मारल्यावर लांब फोर्क बुडून कल बदलतो म्हणून कलाची आणि ट्रेलची मापे नव्याने ठरवावी लागली.

भारतात ही लाट तेव्हा पोहोचली नाही. परवान्यांच्या राज्यात जुने साचे वर्षानुवर्षे चालले आणि गिऱ्हाईक नंबर लावून थांबत असल्यामुळे ते बदलण्याची निकड कोणालाच नव्हती. कच्च्या वाटेसाठी खास आखलेली देशी गाडी, हिरो इम्पल्स, येण्यास २०११ साल उजाडले आणि २०१६ मध्ये पुढे २०० मिलिमीटर हालचाल व २१ इंचांचे पुढचे चाक असलेली रॉयल एनफिल्ड हिमालयन आली. मोठ्या चाकाला लहान खड्डा उथळ वाटतो, म्हणून कच्च्या वाटेच्या गाड्यांत २१ इंचांचे माप प्रमाण मानले जाते. दरम्यान बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि मोटोक्रॉसमध्ये मुरलेल्या त्या कंपनीच्या गाड्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनू लागल्या. ज्या विद्येची लाट पन्नास वर्षांपूर्वी महाराष्ट्राला चुकवून गेली होती, ती अखेर कारखान्याच्या दाराने आत आली.

जुनी गाडी पुन्हा हातात घेताना

या इतिहासाचा आजचा उपयोग जुनी बुलेट, राजदूत किंवा येझदी पुन्हा कच्च्या वाटेवर आणणाऱ्यांना आहे, कारण इतिहासाने शिकवलेला क्रम हाच दुरुस्तीचाही क्रम आहे. पहिली तपासणी हँडलच्या कोनसेटची, म्हणजे नळीच्या वरखाली असलेल्या गोळ्यांच्या वाट्यांची करावी लागते. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलून धरले आणि फोर्कचे दोन्ही पाय खालून पुढेमागे ढकलले, की सैल कोनसेटचा टक् असा धक्का बोटांना जाणवतो. आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश नेले, की मधोमध ते क्षणभर अडकते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालत असल्यामुळे गोळ्या नेमक्या त्याच जागी धक्के खातात आणि वाट्यांत खाचा पडतात. अशा खाचेत अडकलेले हँडल सूक्ष्म वळणे घेऊ देत नाही आणि गाडी नागमोडी चालते. वाट्या बदलणे किंवा निमुळत्या रोलरची बेअरिंगे बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. आवळून टाकणे हा नव्हे, कारण त्याने खाच जात नाही, फक्त लपते.

त्यानंतर चिमट्याचे बुश तपासावेत. बुश झिजले की मागचे चाक स्वतःच सुकाणू बनते आणि पुढच्या चाकाशी भांडते. मग एक लांब सुतळी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढे ताणावी आणि पुढचे चाक दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, ते पाहावे. चेन आवळताना आसाच्या दोन्ही बाजू सारख्या ओढल्या नसतील, तर गाडी सरळ वाटेवरही तिरकी चालते. स्पोक ताणून रिम सरळ करणे, फोर्कमधले जुने तेल काढून योग्य दाटीचे तेल दोन्ही पायांत सारखे भरणे आणि स्वार बसल्यावर शॉकअप एकूण हालचालीच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा दबतो का, हे पाहणे, ही कामे त्यानंतरची. या सगळ्यांनंतरच टायरची नक्षी, फोर्क क्लॅम्पमध्ये वरखाली करणे किंवा लांब शॉकअप बसवणे असे बदल विचारात घ्यावेत, आणि तेही एका वेळी एकच, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कळते. सुरुवातीच्या हिशेबात २० मिलिमीटरांनी जो फरक पडला, तो नीट असलेल्या कोनसेटवरच कळतो. सैल कोनसेटवर चांगला शॉकअप बसवणे म्हणजे फुटक्या होडीला नवे शीड लावण्यासारखे आहे.

गर्डरच्या चकत्यांपासून मोनोशॉकपर्यंतच्या या वाटचालीत प्रत्येक खरी सुधारणा एकाच दिशेने झाली. चाक जखडून गाडी मजबूत होते, ही समजूत सोडून चाकाला हलू द्यायचे, आणि चाक सोडून बाकी काहीही हलू द्यायचे नाही, हे या शास्त्राचे सार आहे. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी इंजिनाची पॉलिश आणि टाकीचा रंग यांच्याआधी कोनसेटच्या वाट्या आणि चिमट्याचे बुश पाहावेत. ज्या गाडीचे सुकाणू खरे आहे, तीच गाडी मुरमाच्या उतारावर आणि पावसातल्या घाटात स्वाराला सुखरूप घरी आणते.